१४९ रुपयांचा प्रयोग

नाशिकमध्ये विनोदी एकपात्री करणाऱ्या बाईचं घर सुपारीवर, म्हणजे कुणी पैसे ठरवून बोलावलेल्या कार्यक्रमांवर, चालतं. गणेशोत्सवात सोसायट्या बोलावतात, महिला दिनाला सातपूर-अंबडच्या कंपन्या, अधूनमधून एखादं महिला मंडळ. कार्यक्रम झाला की पाकीट हातात येतं आणि विषय संपतो. तासभर पोट धरून हसलेली ती माणसं कोण होती, पुन्हा कुठे भेटणार, ते आयोजकालाच माहीत. व्हिडिओंचंही तेच. बघणारे हजारो असतात, पण त्यांची नोंद यूट्यूबसारख्या प्लॅटफॉर्मकडे. त्या प्लॅटफॉर्मने उद्या माझे व्हिडिओ लोकांपुढे आणणं थांबवलं तर मी कुणाला काय कळवणार? म्हणून ठरवलं की नवा प्रयोग नीट रेकॉर्ड करायचा आणि आपल्याच वेबसाइटवरून थेट प्रेक्षकाला विकायचा. त्याची ही हकीकत. नाशिकच्या, खरं तर कुठल्याही गावच्या कलाकाराला उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहितेय.

कल्पना माझी नव्हे. डिसेंबर २०११मध्ये लुई सी. के. या अमेरिकन कॉमेडियनने आपला कार्यक्रम स्वतःच्या वेबसाइटवर ५ डॉलरला ठेवला. कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबिलूप काही लावलं नाही, फक्त लोकांना विनंती केली की फुकट वाटू नका. बारा दिवसांत विक्री १० लाख डॉलरच्या वर गेली. पुढच्याच वर्षी अझीझ अन्सारी आणि जिम गॅफिगन यांनीही तोच ५ डॉलरचा मार्ग धरला. या लुईच्या स्त्रियांशी गैरवर्तनाच्या बातम्या २०१७मध्ये आल्या आणि त्या खऱ्या असल्याचं त्याने स्वतः मान्य केलं. पुढे मोठ्या कंपन्यांनी हात झटकल्यावर तो पुन्हा आपल्या वेबसाइटवरूनच विकू लागला. मला त्याच्याबद्दल आदर नाही, हे इथेच सांगते. मधलं कुणी नसलं की अडवणारंही कुणी नसतं, ही या वाटेची दुसरी बाजू आहे. पण वाट त्याच्या मालकीची नाही. आपल्याकडेही एकपात्री कलाकार प्रयोगानंतर नाट्यगृहाच्या बाहेर टेबल टाकून कॅसेट विकतच होते की.

रेकॉर्डिंग गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात केलं. तिकीट लावलं होतं, म्हणून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, संहिता आधी पाठवली होती. त्याला वेळ लागतो, तारीख ठरवण्याआधी ते काम उरका. कॅमेऱ्यांवर मी फार खर्च केला नाही, आवाजावर केला. विनोदाच्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या माइकइतकाच प्रेक्षकांचा माइक महत्त्वाचा. माझ्या माइकमध्ये हशा लांबून आल्यासारखा, पोकळ येतो आणि घरी बघणाऱ्याला वाटतं, कुणी हसलंच नाही. आम्ही दोन माइक खुर्च्यांकडे तोंड करून छताला टांगले आणि त्यांचा ट्रॅक वेगळा घेतला. एडिटिंगला बसल्यावर कळलं की तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांचं हसू बाकीच्यांच्या आधी सुरू होतं आणि नंतर संपतं. ते तसंच ठेवलंय.

प्रवेशाला मी पूर्वी सिनेमाचं गाणं वाजवायचे. अशाच एका जुन्या व्हिडिओचा आवाज मागे वाजणाऱ्या गाण्यामुळे बंद केला गेला होता. विकायच्या गोष्टीत ती जोखीम नको. या वेळी आमच्या भागातल्या ढोलपथकातल्या एका मुलाकडून नाशिक ढोलाचा ठेका वाजवून घेतला, त्याला मानधन दिलं आणि वापराची परवानगी कागदावर घेतली. चित्रीकरण करणाऱ्यांशीही करार लेखी केला: फुटेजवर हक्क कुणाचा, कच्चा माल कुणाकडे राहणार. ओळखीतली माणसं असली तरी हे लिहून घ्यावंच.

मग कागदपत्रं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची नोंदणी, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनवर फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्या एजंटांना हात जोडावेत. माणसं मोजकीच असली की दुकान-आस्थापना कायद्याची, म्हणजे शॉप अ‍ॅक्टची फक्त सूचना द्यावी लागते, ती ऑनलाइन दिली. या दोन कागदांवर बँकेत चालू खातं उघडलं. जीएसटीचं सीएंना विचारलं. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि खरेदी करणारा दुसऱ्या राज्यातला असला तरी हेच लागू, असं त्यांनी सांगितलं. हा भाग सोपा गेला.

अडलं ते पेमेंट गेटवेपाशी, म्हणजे वेबसाइटवर ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीपाशी. पैसे घेण्याआधी ते तुमची वेबसाइट तपासतात. अटी, गोपनीयता, परतावा, डिलिव्हरी, संपर्क अशी पाच पानं असावी लागतात आणि संपर्काच्या पानावर खरा पत्ता आणि चालू फोन. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांतही विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायला सांगितलंय. ग्राहकाच्या बाजूने हे अगदी योग्य आहे. पण मी एकटी राहते, स्टेजवर बोलते, आणि बोललेलं न आवडलेली माणसं रात्री काय काय मेसेज पाठवतात ते मला पाठ झालंय. घराचा पत्ता वेबसाइटवर टाकणं शक्यच नव्हतं. पुरुष सहकाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, टाकून दे, कोण येतंय? त्यांच्याकडे येत नसेल.

रविवार कारंज्याजवळ माझ्या मामाचा छापखाना आहे. त्याला सगळं सांगितलं.

"पत्ता माझा घाल. कुणी आलं तर मी बसलेलाच असतो," मामा म्हणाला.

"आणि मामा, तक्रार निवारण अधिकारी?"

"तेही माझंच नाव घाल. पन्नास वर्षं लग्नपत्रिका छापतोय गं, तक्रारी ऐकायची सवय आहे."

त्याच्याकडून ना हरकत पत्र घेतलं, व्यवसायाचा पत्ता म्हणून तोच सगळीकडे लावला आणि कामासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं. एकट्या बाईने हे काम सर्वांत आधी करावं, कॅमेरा भाड्याने घेण्याच्याही आधी. पत्ता एकदा कागदोपत्री लागला की तो बदलणं फार किचकट.

पहिल्या गेटवे कंपनीने कारण न देता अर्ज फेटाळला. दुसऱ्या कंपनीला मी प्रयोगाचा ट्रेलर आणि संहितेचा गोषवाराही पाठवला, म्हणजे "मनोरंजन" या शब्दाखाली नक्की काय विकतेय यावर शंका राहू नये. तिथे मंजुरी मिळाली.

किंमत १४९ रुपये ठेवली. गेटवे २ टक्के घेतो आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण साडेतीन रुपये जातात. हेच १४९ रुपये यूट्यूबच्या मेंबरशिपमधून आले असते तर ३० टक्के, म्हणजे पंचेचाळीसच्या आसपास, तिकडे राहिले असते. हा फरक मोठा आहेच. पण त्यासाठी एवढा खटाटोप मी केला नसता. विकत घेताना प्रत्येकाला मी नाव, मोबाइल आणि पिनकोड विचारते, आणि "पुढच्या प्रयोगाचं कळवू का?" अशी वेगळी चौकट ठेवलीय. ती आधीपासून टिक केलेली नाही. ज्यांनी स्वतः टिक केलं त्यांनाच कळवते. विश्वासाने दिलेला नंबर आहे, तो जपायचा.

फाइलचं गणित आधी करून ठेवा. तासाभराचा व्हिडिओ ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट या दर्जाने, ठेवला तर १.८ जीबी होतो. हजार जणांनी एकदाच पाहिला तरी १८०० जीबी, आणि होस्टिंगवाला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर फाइल ठेवलीय तो, त्याचं बिल लावतो. मी अर्ध्या वजनाची एक प्रत ठेवली आणि सोबत फक्त आवाजाची ५८ एमबीची फाइलही दिली. ती ऑडिओ फाइल इतकी चालेल असं वाटलं नव्हतं. अंबडच्या कंपनीच्या बसमध्ये पहाटेच्या शिफ्टला जाताना ऐकतो, असे मेसेज आले. मराठी माणसाला विनोद कानाने ऐकायची सवय पूर्वीपासूनच आहे, रेडिओपासून.

विक्री सुरू झाली आणि निफाडहून एका काकूंचा फोन आला. "अगं ताई, पैसे गेले बघ माझे, पण तू काही दिसेना." लिंक ईमेलवर गेली होती आणि ईमेल होता पुण्याच्या मुलाचा. त्यांच्यासारखे बरेच निघाले. मग ईमेल काढूनच टाकला. आता मोबाइल नंबर, ओटीपी, आणि लिंक थेट व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यानंतर असे फोन जवळजवळ थांबले. तुमचा प्रेक्षक पन्नाशीच्या पुढचा असेल तर सुरुवातच इथून करा.

परदेशातल्या मराठी लोकांसाठी आंतरराष्ट्रीय कार्डांची मंजुरी वेगळी मागावी लागली. पेपाल या ऑनलाइन पेमेंट कंपनीने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केलेत, बाहेरून पैसे घ्यायला ते चालतं. त्यात रिझर्व्ह बँकेच्या यादीतला परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे आले ते सांगणारा कोड, निवडावा लागतो. तो सीएंकडूनच निवडून घ्या.

लिंक फिरली का? फिरली. एका टेलिग्राम ग्रुपवर अख्खा प्रयोग कुणीतरी टाकला. मी कळवल्यावर काढला गेला, पुन्हा कुठेतरी असेलच. तरी व्हिडिओला कुलूप लावायचं नाही हे माझं मत कायम आहे, कारण कुलपाचा त्रास पैसे देणाऱ्यालाच होतो. सुरुवातीला पडद्यावर दोन ओळी आहेत: हा प्रयोग मी स्वतःच्या पैशाने केलाय, आवडला तर मित्राला विकत घ्यायला सांगा. फुकट पाहिलेल्या काहींनी नंतर येऊन १४९ भरले, सोबत चिठ्ठीही लिहिली. परताव्याच्या पानावर मी लिहिलंय की सात दिवसांत मागा, कारण विचारणार नाही. मागणारे फार थोडे आहेत.

आणि ते पिनकोड. नाशिक, पुणे, ठाणे अपेक्षित होतेच. पण सिन्नरचे इतके निघाले की तिथे सुपारीची वाट न बघता मी स्वतःच सभागृह घेतलं आणि चौकट टिक केलेल्यांनाच आधी कळवलं. तिकिटं त्यांच्यातच संपली. पुढचा नंबर मनमाडचा. तिथलं सभागृह बघून आलेय, आवाज घुमतो, पडदे लावावे लागतील.

वेबसाइटवरच्या अटी, परतावा वगैरे माझ्या पाचही पानांचा मराठी मजकूर तयार आहे. कुणा कलाकाराला हवा असेल तर मागा, तसाच्या तसा देईन. तुमच्या सीएंना एकदा दाखवून घ्या, म्हणजे झालं.