फोन मीच उचलणार

मंगळवार, रात्री

मी घरांची दलाली करते; माझ्या वतीने फोन उचलणाऱ्या कंपनीचं बिल आलं, १८ टक्के जीएसटीसकट. जाहिरातीवर चौकशी आली की त्यांची मुलगी फोन उचलते, बजेट विचारते, लोन लागणार का विचारते आणि साईट व्हिजिटची वेळ ठरवून मला मेसेज टाकते. विकणाऱ्यांची माहितीही तीच भरून घेते. काम चोख असतं, नाही कशाला म्हणू? तरी आज डोकं फिरलं.

कोथरूडच्या काकांचा टू बीएचके. कंपनीच्या मुलीने फॉर्म भरून पाठवलेला: मालक एक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नावावर, कागद क्लिअर. मी आपली नेहमीसारखी घर बघायला गेले. स्वयंपाकघरात ओटा इतका खाली की मी विचारलंच. काका म्हणाले, "ही बुटकी होती ना, मुद्दाम कमी उंचीचा करून घेतला. घर तिचंच, तिच्या पीएफमधून घेतलेलं." झालं! मी चहा घेते म्हटलं आणि बसले.

काकू गेल्या, काका नॉमिनी होते, सोसायटीने सर्टिफिकेट त्यांच्या नावावर केलं. मृत्युपत्र नाही. मुलगा बाणेरला, मुलगी न्यू जर्सीत. नॉमिनी झालं म्हणजे मालक झालो असं निम्मं पुणं समजतं. मृत्युपत्र नसेल तर नवरा आणि दोन्ही मुलं सारखे वारस. म्हणजे मुलांची हक्कसोडपत्रं हवीत, नाहीतर दोघांनीही विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या. मुलीला येणं जमणार नसेल तर तिचं मुखत्यारपत्र, तिकडे अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प लावून. हे सगळं घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टच्या वेळी, मालकीच्या जुन्या नोंदी तपासताना, काढलंच असतं. पण तोवर टोकन दिलेलं, घेणाऱ्याने जुन्या घरमालकाला नोटीस दिलेली. मग दोन्ही पार्ट्यांची तोंडं माझ्याकडे.

फोनवरच्या त्या मुलीचा काय दोष? तिच्या स्क्रीनवर ओट्याचा रकाना नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाने, २०२३ पासून एजंटांना परीक्षा सक्तीची केली, मीही दिली, तिथेही ओट्यावर प्रश्न नव्हता.

दुसऱ्याकडून काम करून घ्यायला माझी ना नाही. भाडेकरार घरी येऊन नोंदवणारा पोरगा आहे, त्याला तर मी सोन्याने मढवीन. परवा सहकारनगरला ऐंशीच्या घरातल्या आजी, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. याने बॅगेतून ओला टिश्यू काढला, अंगठा पुसला, फुंकर घातली, "आजी, जरा दाबून, बेल वाजवताना दाबता तसं." तिसऱ्यांदा घेतला. मी असते तर वैतागले असते. एरवी त्या आजींना नोंदणी ऑफिसात नेऊन बाकावर बसवायचं म्हणजे शिक्षाच.

फोटोवालाही तसाच. मोबाईलवर मी काढलेले फोटो म्हणजे प्रत्येक हॉल बोगद्यासारखा. तो कॅमेरा लावण्याआधी दोरीवरचे कपडे काढायला सांगतो, एवढ्यानेच चौकशा वाढतात.

ह्यांचं म्हणणं, "तू एकटी किती ठिकाणी पुरणार? दोन टक्के दलाली मोठी एजन्सीही घेते, ते कुठे घरोघर चहा पितात?" खरंय, पुरत नाही. शनिवार-रविवारी जेवण गाडीत होतं. आणि दुपारी दोनला कोथरूडमधे फोन करणारी ती कंपनी बहुतेक पुण्याबाहेरची असावी, पण तो वेगळा राग.

तर असं ठरवलंय. कंपनीकडे व्हिजिटच्या आदल्या दिवशी आठवण करून देणं आणि वेळ बदलणं, इतकंच ठेवायचं. त्यासाठी त्यांचा स्वस्तातला प्लॅन आहे म्हणे, उद्या विचारते. चौकशीचे फोन माझ्याकडे, आणि विकणाऱ्याच्या घरी पहिल्यांदा मीच जाणार. काकांच्या मुलीला वकिलांचा मसुदा आज रात्रीच पाठवला, तिकडे सकाळ असेल. मुलगा शनिवारी येऊन भेटतोय. किंमत काय लावायची ते त्यानंतर. काका घाईत नाहीत, घाई फक्त त्या फॉर्मला होती.