फ्रिजमधल्या चंदेरी पुड्या : आमची वाटचाल

वायनरी बघायला आलेल्या पाहुण्यांना मी आधी फ्रिज दाखवतो. त्यात अर्ध्या किलोच्या चंदेरी पुड्या असतात, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख लिहिलेली. पाहुण्यांचे डोळे बॅरलकडे लागलेले असतात. पण आमच्या धंद्यात आजवर जे बरं-वाईट घडलं, त्यातलं निम्मं या पुड्यांमधल्या जिवाने, म्हणजे साखरेची दारू करणाऱ्या यीस्टने घडवलं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. अण्णांनी आयुष्यभर थॉमसन ही खायची द्राक्षं पिकवली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आजूबाजूला वायनऱ्या उभ्या राहू लागल्या. आम्हीही चार एकरांत शेनिन ब्लां आणि शिराझ ही वाईनची द्राक्षं लावली, करारावर. 2008 च्या मंदीनंतर माल उचलणारे मागे सरले. वाईनची द्राक्षं खायला विकता येत नाहीत. मणी बारीक, साल जाड, आत बिया. दोन हंगाम तोटा सोसला आणि मग मी आणि धाकट्या भावाने ठरवलं, वाईन आपणच करायची. परवाने, कर्ज, शेड यांत दोन वर्षं गेली.

पहिले दोन हंगाम निभावले. तिसऱ्या वर्षी मार्चअखेरीस शिराझ आली ती 26 ब्रिक्सवर, म्हणजे रसात शेकडा 26 च्या आसपास साखर. चिलर लहान, आणि तो शेनिनच्या टाक्या थंड ठेवण्यात अडकलेला. साखरेची दारू होताना रस आतून तापतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पण बाहेर नाशिकचा उन्हाळा सुरू झाला की ती उष्णता जायला जागाच उरत नाही, हे त्या आठवड्यात कळलं. टाकी 35 अंशांवर गेली. लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल होतं. म्हणजे शेवटाला यीस्ट चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलमध्ये बुडालेलं होतं, वर ही उष्णता. पेशीचं आवरण दोन्ही एकदम सोसत नाही. लिटरला 20 ग्रॅम साखर शिल्लक असताना सगळं थांबलं.

चव घेतली तर आकड्याच्या मानाने जास्तच गोड. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखे असतात, पण यीस्ट ग्लुकोजवर आधी तुटून पडतं. मागे राहतं ते फ्रुक्टोज, आणि तेच जास्त गोड. त्या उरलेल्या साखरेवर जिवाणूंनी ताबा मिळवला. 3,000 लिटर वाईन आंबट होऊन ओतावी लागली. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पाइप घेऊन टाकी धुताना दिसले.

त्यानंतर आम्ही शिकायला लागलो. वहिनी रसायनशास्त्रात बीएस्सी. पुढच्या हंगामात तिने रस तपासायला पाठवला. यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन लिटरला 100 मिलीग्रॅमच्याही खाली निघाला. निदान दीडशे हवा, आणि साखर एवढी असेल तर दोनशेच्या पुढे. पिकाला नत्र कमी पडलं की पानं पिवळी पडतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. यीस्टचं पिवळं पान म्हणजे सडक्या अंड्याचा वास. गंधकयुक्त अमिनो आम्लं बनवण्यासाठी यीस्ट सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं. नायट्रोजन नसला की त्या सल्फाइडला जोडून घ्यायला काही मिळत नाही, आणि ते वायू होऊन बाहेर पडतं. आमच्या शेनिनला दोन वर्षं तो वास येत होता आणि आम्ही दोष पिंपांना देत होतो. आता रसात यीस्टचं नायट्रोजनचं खत वेळेवर पडतं, साखर एक तृतीयांश उतरायच्या आत. उशीर झाला की अल्कोहोलमुळे यीस्टला ते घेता येत नाही.

मग प्रश्न आला, कोणतं यीस्ट? दुकानदार देईल ते, हे आमचं तोवरचं उत्तर होतं. द्राक्षाचा वाण निवडताना आम्ही माती, पाणी, खुंट सगळं बघायचो आणि यीस्टला वाण असतो हे मनातच आलं नव्हतं. ब्रेडचं, बिअरचं आणि वाईनचं बरंचसं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, 1996 मध्ये वाचला गेला. 16 गुणसूत्रं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. पण त्या एका जातीत स्वभाव किती वेगळे!

आमच्या फ्रिजमध्ये कायम असते ती फ्रान्सच्या शॅम्पेन भागातली ईसी 1118 ही यीस्टची जात. तिचा जीनोम 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात दुसऱ्या यीस्टांकडून आलेले तीन मोठे तुकडे सापडले. एक झायगोसॅकरोमायसिस बेलीचा, म्हणजे वाईन बिघडवणाऱ्या यीस्टचा. दुसऱ्या एका तुकड्यातल्या जनुकांमुळे यीस्ट लहान पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, आत ओढून घेतं, त्यामुळे नायट्रोजन कमी असलेल्या रसातही तिचा निभाव लागतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे शेजाऱ्याचा गुण खरोखरच रक्तात उतरला. हे वाचलं त्या रात्री मी भावाला उठवून सांगितलं होतं.

सल्फाइटचंही तसंच. वाईन बिघडू नये म्हणून वाईनवाले पिढ्यान्‌पिढ्या गंधक वापरत आले, त्याचंच वाईनमधलं रूप म्हणजे सल्फाइट, आणि वाईनच्या अनेक यीस्टांमध्ये आठव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन सल्फाइट बाहेर फेकणारं जनुक जोरात चालू लागलं. एकच औषध मारत राहिलं की द्राक्षावरची डावणी बुरशी जुमानत नाही, तोच हा प्रकार.

सफरचंदाकडे वळलो ते रिकाम्या टाक्यांमुळे. आमचा हंगाम जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात स्टीलच्या टाक्या नुसत्या उभ्या, कर्जाचे हप्ते चालू. ऑगस्टपासून हिमाचलचं सफरचंद बाजारात येतं. पहिली सायडर, म्हणजे सफरचंदाची वाईन, ईसी 1118 वर केली. आठवड्यात साखर संपली, आणि सफरचंदाचा वासही. यीस्टने काम चोख केलं होतं. निवड आमची चुकली होती.

नॉर्मंडीच्या सायडरमध्ये सेरेव्हिसीच्या जोडीने तिची थंडीत रमणारी बहीण सापडते, सॅकरोमायसिस युव्हारम. दहा-बारा अंशांवर, जिथे इतर यीस्ट रेंगाळतात, तिथे ती संथपणे काम करते. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल कमी, वाईनला भरीवपणा देणारं ग्लिसरॉल जास्त, आणि गुलाबासारख्या वासाचं फिनाइलइथेनॉल भरपूर. सफरचंदातलं सॉर्बिटॉल यीस्टला आंबवता येत नाही, त्यामुळे साखर संपली तरी जिभेवर थोडा गोडवा राहतो. आम्ही टाकी 12 अंशांवर लावली. विजेचं बिल बघून भाऊ चिंतेत पडला, पण चौथ्या आठवड्यात नळ उघडला तेव्हा शेडभर सफरचंदाचा वास होता.

फळावरच्या देशी यीस्टवर वाईन करा, असं पुष्कळ जण सुचवतात. आम्ही वीस लिटरच्या कॅनमध्ये दरवर्षी करून बघतो. सुरुवातीला जोर धरते ती हॅन्सेनियास्पोरा ही रानटी यीस्ट, आणि बरेचदा नेलपॉलिशचा वास देऊन जाते. विक्रीच्या टाकीत तिला मी सोडणार नाही. पण गेल्या हंगामातल्या शिराझच्या एका कॅनला काळ्या मिरीचा असा वास आला की वहिनीने त्याचा तळचा गाळ जपून ठेवला आहे. त्या गाळातलं यीस्ट प्लेटवर वेगवेगळं वाढवलं, आणि त्या वसाहतींमधल्या चार आता पाच-पाच लिटरच्या काचेच्या बरण्यांत फसफसताहेत. बरण्यांवर आकडे टाकलेत, एक ते चार. तीन नंबरचा वास अण्णा रोज सकाळी येऊन घेतात.