बुटाच्या खोक्यातलं अल्सास

इथे फ्रान्सच्या पूर्व टोकाला, अल्सासमध्ये, थंडी सरली की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात व्हीद-ग्रनिए असतं. ग्रनिए म्हणजे माळा आणि व्हीद म्हणजे रिकामा करा, म्हणजे घरातला माळा आवरायचा आणि जे काय निघेल ते गावातल्या रस्त्यावर टेबल टाकून विकायचं, तांब्याची भांडी, जुन्या बाहुल्या, लोकरीचे कोट, काय वाट्टेल ते. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षांपूर्वी आम्ही कोलमारला आलो तेव्हा मी तिथे घरासाठी ताटल्या आणि कढईसारखं काहीतरी शोधायला जायचे. आणि अशाच एका रविवारी एका आजोबांच्या टेबलावर बुटाचं खोकं दिसलं, आत उभी लावलेली पोस्टकार्डं, मध्ये मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे आणि त्यावर नंबर, ६७, ६८. हे इथल्या जिल्ह्यांचे नंबर, आपल्याकडे गाडीवर एमएच ४२ दिसलं की बारामती कळतं ना तसं. ६८ म्हणजे आमचा भाग.

मी सहज चाळायला लागले आणि एका कार्डावर थांबले. डोंगरावर पडका किल्ला, छप्पर नाही, भिंतींमधून झाडं उगवलेली, खाली जर्मनमध्ये नाव, होहकोनिग्सबुर्ग. आता गंमत म्हणजे महिन्यापूर्वीच आम्ही सेलेस्ताला ट्रेनने जाऊन तिथून बसने हाच किल्ला बघून आलो होतो, फ्रेंचमध्ये ओ-कोनिग्सबूर म्हणतात, आणि मी बघितलेला किल्ला अख्खा होता! लाल कौलं, उंच चौकोनी बुरूज, दाराशी उचलता पूल, सगळं जागच्या जागी. मी आजोबांना विचारलं हा तोच का, तर ते काही बोलले नाहीत, खोक्यातून अजून दोन कार्डं काढली आणि पहिल्याच्या शेजारी ठेवली. दुसऱ्यावर तोच डोंगर पण भिंतींना परांच्या बांधलेल्या. तिसऱ्यावर मी बघितलेला किल्ला. तीन कार्डं, तीन युरो, मी तिन्ही घेतली आणि ताटल्या राहूनच गेल्या.

घरी येऊन वाचत बसले. किल्ल्याचा उल्लेख ११४७ पासून सापडतो. १६३३ मध्ये तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्याने ५२ दिवस वेढा घालून तो घेतला आणि जाळला, आणि मग अडीचशे वर्षं तिथं फक्त जंगल. मधल्या काळात १८७१ ला अल्सास जर्मनीकडे गेलं. १८९९ मध्ये सेलेस्ता शहराने हा पडका किल्ला जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिला, त्याने बोडो एबहार्ट नावाच्या आर्किटेक्टला कामाला लावलं आणि १९०० ते १९०८ असं आठ वर्षं काम चाललं, दगड वाहायला डोंगरावर वाफेचं छोटं इंजिनसुद्धा चढवलं होतं. १३ मे १९०८ ला उद्घाटन झालं आणि अकराच वर्षांत, १९१९ ला, किल्ला फ्रान्सचा झाला. म्हणजे ज्याने एवढा हौसेने बांधून घेतला त्याच्याकडे तो जेमतेम दहा वर्षं राहिला. आणि नशीब बघा, ही आठ वर्षं नेमकी पोस्टकार्डाच्या भरभराटीची, त्यामुळे पडका, अर्धा आणि पुरा अशा तिन्ही अवस्थांची कार्डं छापली गेली, लोकांनी पाठवली आणि कोणाकोणाच्या माळ्यावर जपली गेली. मला विचाराल तर मला पडक्याचं कार्ड सगळ्यात जवळचं वाटतं, आपले किल्ले असेच बघत मोठी झाले म्हणून असेल, भिंतीतून पिंपळ उगवलेला नसेल तर मला किल्ला आल्यासारखा वाटतच नाही.

तेव्हापासून मी जमवते. आज साधारण चारशे कार्डं आहेत, गावं, किल्ले, चॅपल्स म्हणजे छोटी प्रार्थनाघरं, बाकी काही घेत नाही. आणि बाजारात फिरून फिरून काही गोष्टी कळल्या. प्रसिद्ध जागेचं कार्ड स्वस्त मिळतं कारण ते भरमसाट छापलं गेलं, ओ-कोनिग्सबूर तर एक-दोन युरोत कुठेही, आणि ज्या गावात बघायला काही नाही, कोणी पर्यटक जात नाही, त्या गावाचं कार्ड महाग कारण छापलीच मोजकी. दुसरं म्हणजे कार्डावर माणसं असली, बेकरीची हातगाडी, दारात उभ्या बायका, फोटोग्राफरकडे टक लावून बघणारी अनवाणी पोरं, तर विकणारे त्याला आनिमे म्हणतात आणि किंमत दुप्पट-तिप्पट सांगतात. मला हे पटतं. नुसत्या चर्चच्या फोटोपेक्षा चर्चसमोर बादली घेऊन उभी असलेली बाई मला जास्त काही सांगते.

आणि कार्ड उलटवून बघायचं, नेहमी. फोटो एका मिनिटात बघून होतो, मागची बाजू संध्याकाळभर पुरते. १९०५ पर्यंत जर्मन पोस्टाच्या नियमाने मागे फक्त पत्ता लिहायचा, मजकूर लिहायला जागाच नाही, म्हणून लोक पुढे चित्राच्या कडेने, आकाशात, नदीत, जिथे मोकळं दिसेल तिथे बारीक अक्षरात लिहायचे. त्यामुळे मागे मधोमध रेघ नसेल तर कार्ड इथलं १९०५ च्या आधीचं, असा सरळ हिशेब. मग स्टॅम्प बघायचा. मुकुट घातलेली चिलखतातली बाई म्हणजे जर्मेनिया, जर्मन काळ. शेतात बी फेकत चाललेली बाई म्हणजे फ्रेंच काळ. माझ्याकडे एक कार्ड आहे ज्याच्यावर छापलंय जर्मनमध्ये ग्रूस आउस राप्पोल्ट्सवायलर, म्हणजे राप्पोल्ट्सवायलरहून नमस्कार, आणि स्टॅम्प मात्र फ्रेंच, बी फेकणारीचा, शिक्क्यात गावाचं नाव रिबोविले. गाव एकच! १९१८ च्या शेवटी फ्रेंच परत आले तेव्हा दुकानात जुनी कार्डं पडून होती, ती कोण फेकून देणार, लोकांनी तीच वापरली. इथल्या जवळजवळ प्रत्येक गावाला अशी दोन नावं आहेत, रिकवीरचं रायशनवायर, सेलेस्ताचं श्लेटश्टाट. १८७० च्या सुरुवातीला इथे जन्मलेला आणि ७५ वर्षं जगलेला माणूस घरातून न हलता चार वेळा देश बदलून बसला, १८७१, १९१८, १९४०, १९४५.

मजकूर वाचणं ही माझी मोठी अडचण होती. फ्रेंच मला येतं, थोडं जर्मनही शिकले, पण जुनी कार्डं ज्या हस्ताक्षरात आहेत ती कुरेंट लिपी, सगळ्या अक्षरांचे टोकदार डोंगर, ई आणि एन सारखेच दिसतात. आपल्या मोडीसारखं समजा, भाषा ओळखीची असून कागद मुका. आमच्या मजल्यावरच्या मादाम ८६ वर्षांच्या आहेत, त्यांच्या आजीची पत्रं याच लिपीत असल्यामुळे त्यांना वाचता येतं. मग गुरुवारी दुपारी मी कार्डं घेऊन जाते, त्या भिंग काढतात, मी चहा करते, आपला, आलं घालून, त्यांना आता तोच लागतो. आणि वाचून निघतं काय, तर बहुतेक वेळा काहीच नाही! मंगळवारी पोचते. खोकला बरा आहे. द्राक्षं यंदा उशिरा. अगं पण हेच तर आपल्याही कार्डांवर असायचं, पत्रास कारण की, पाऊस बरा, बाकी सर्व क्षेम. पहिलं पोस्टकार्ड १८६९ ला ऑस्ट्रियात निघालं आणि दहाच वर्षांत, १८७९ मध्ये, आपल्याकडे पाव आण्याचं कार्ड आलं, म्हणजे ह्या बायका आणि आपल्या पणज्या साधारण एकाच काळात कार्ड लिहायला बसत होत्या. मादामना मी आपल्याकडची कोपरा फाडलेल्या कार्डाची पद्धत सांगितली, की फाटका कोपरा दिसला की आत कोणी गेल्याची बातमी असायची आणि बायका वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

चॅपल्सबद्दल एक सांगते, कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळा गेलेय. रिबोविलेच्या वर दरीत द्युसनबाख म्हणून आहे, तिथली माता गावोगाव फिरून वाजवणाऱ्या वादकांची देवता, पूर्वी या भागातल्या सगळ्या वाजंत्र्यांची संघटना रिबोविलेच्या सरदारांच्या आश्रयाखाली होती आणि अजूनही सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गावात वादकांची जत्रा भरते, पिफरडाय म्हणतात. झाडीतून चढत जायचं, वाटेत टप्प्याटप्प्याला देवाची चित्रं. मला पहिल्यांदाच जेजुरी आठवली, वाघ्या-मुरळी आठवल्या. कलावंताला आपला देव वेगळा लागतो बहुतेक, सगळीकडे.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते. कोलमारपासून सायकलने द्राक्षांच्या मळ्यातून गेलं की अर्ध्या-पाऊण तासात अमेर्शवीर लागतं. माझ्याकडे त्याची अकरा कार्डं आहेत, सगळी १९४० च्या आधीची. मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींची तिरकी घरं एकमेकांवर रेललेली, खिडक्यांत फुलं, कारंजं, कारंज्याशी पोरं. शेजारच्या रिकवीरपेक्षा कणभर जास्तच सुंदर, असं मला कार्डं बघून वाटतं. आणि रिकवीर आज जगभरातले लोक बघायला येतात, कारण ते वाचलं. डिसेंबर १९४४ मध्ये कोलमारभोवती जर्मन सैन्य अडकून बसलं होतं, फेब्रुवारी १९४५ पर्यंत लढाई चालली, आणि त्यात अमेर्शवीर, बेनवीर, ओस्टहाइम ही गावं तोफांनी आणि आगीने संपली. ओस्टहाइममध्ये एका घराची नुसती एक भिंत तशीच ठेवलीये, आठवण म्हणून, तिच्या माथ्यावर करकोच्याचं घरटं.

मी ती अकरा कार्डं पिशवीत घालून अमेर्शवीरला गेले होते. फोटोग्राफर जिथे उभा असेल ती जागा शोधायची आणि कार्ड समोर धरायचं. वेशीचा बुरूज आहे, तो जुळतो. जुन्या टाउन हॉलची दर्शनी भिंत आहे, मागे काही नाही. बाकी युद्धानंतर बांधलेली साधी, सरळ, नीटनेटकी घरं, कोणीतरी दारात गाडी धूत होतं. रस्त्याचं वळण मात्र तेच, अगदी तेच, कार्डावरचं वळण आणि पायाखालचं वळण एक. मी तिथे कार्ड धरून उभी होते आणि मला रडू आलं, आणि ते अमेर्शवीरसाठी नव्हतं.

माझं आजोळ पळसदेव, इंदापूर तालुक्यातलं. जुनं पळसदेव. उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी गावात चढलं, लोक वर सोलापूर रोडला नव्या पळसदेवला आले. आई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. आज भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या भरून लोक येतात, फोटो काढतात, ते ज्या पाण्यात उभे असतात त्याच पाण्याखाली पुढे आमचं घर. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, पेपरात फोटो येतो, देवळाचा. गल्लीचा नाही, पाराचा नाही, आमच्या ओट्याचा नाही. आईच्या गावाचा एकही फोटो आमच्याकडे नाही, कोणाकडेच नाही, तिथे कार्ड छापायला कोण येणार होतं. युद्धात जळलेल्या गावाची मला एका रविवारी अकरा कार्डं मिळतात आणि आजोळचं एक नाही, हे मला तिथे त्या वळणावर कळलं.

आईला फोनवर हे सांगितलं. ती काही बोलली नाही. पण दोन आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला, मामाच्या ट्रंकेत सापडलेलं पिवळं कार्ड, आजोबांनी पुण्याला त्यांच्या थोरल्या भावाला लिहिलेलं. ती. दादांस शि. सा. न., पत्रास कारण की सरकारी माणसं मोजणी करून गेली, आपल्या घरावर नंबर टाकला आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. पाऊस बरा. बाकी सर्व क्षेम. शिक्क्यातलं फक्त इंदापूर वाचता येतं.

गुरुवारी मी ते मादामना वाचून दाखवलं, यावेळी वाचणारी मी. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, पुढच्या बाजूला चित्र कशाचं आहे? म्हटलं, आमच्या कार्डांना चित्र नसायचं. मग म्हणाल्या, घर वेशीपासून कितवं होतं? मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन लावला आणि कार्डाच्या मापाचा कोरा पुठ्ठा घेऊन, १४ बाय ९, पेन्सिलीने बसले. आई सांगत होती, वेशीतून आत आलं की डाव्या हाताला पार, मग गुरवांचं घर, मग आपल्या चुलत्यांचं, मग बोळ, तिथून नदीचं पाणी दिसायचं, मी रेघा मारत होते. "थांब गं," ती म्हणाली, "बोळाच्या पुढं आधी कासाराचं का लोहाराचं, मामाला विचारून सांगते, फोन ठेवू नको."