ईडलिंबू आणि हुरहूर

आमच्या अंकलिपीत 'ई'च्या चौकोनात ईडलिंबू होतं. ते प्रत्यक्ष पाहायला मला वयाची पस्तिशी गाठावी लागली. मंडईत एका आजीबाईंच्या पाटीत जाड सालीची, मोठाली लिंबं दिसली. नाव विचारलं तर म्हणाल्या, "ईडलिंबू, लोणच्याला न्या." जुना वर्गमित्र भेटावा तसा आनंद झाला. 'ऐ'ची ऐरण तर मला कित्येक वर्षं मोडक्या शिलाई मशीनसारखीच वाटायची. शब्द पाठ, चित्र पाठ, आणि वस्तूचा पत्ता नाही!

'ण' आणि 'ळ' यांची आणखीच पंचाईत. या अक्षरांनी आपल्याकडे शब्दच सुरू होत नाहीत. म्हणून 'ण' बाणाचा आणि 'ळ' बाळाचा. भाचीनं हे लगेच पकडलं. "मावशी, बाण तर 'ब'चा आहे ना गं?" मी म्हटलं, "हा बाण शेपटीकडून बघायचा." तिला पटलं नाही. मलाही कधी पटलं नव्हतं, पण आमच्या वेळी विचारायची सोय नव्हती.

चित्रावरून शब्द शिकवायची ही युक्ती जुनी. कोमेनियस नावाच्या मोरावियातल्या शिक्षकाचं मुलांसाठीचं सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला छापलं गेलं. चित्रातल्या वस्तूला आकडा, मजकुरातल्या शब्दालाही तोच आकडा. मला त्यातली मुळाक्षरं फार आवडतात, कारण तिथे अक्षरं प्राण्यांच्या आवाजातून येतात. 'आ' ओरडतो कावळा, 'बे' करतं कोकरू. कावळा दारात येणारच, त्याला मंडईत शोधायला नको.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम उभं केलं. तिथे शिंपले, बिया, पानं असं आसपास सापडेल ते शिकवायच्या कामी आलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. अशा मुलांना अननसाचं काय कौतुक असणार?

तर भाची. चौथीत आहे. परवा तिला 'उद्विग्न' शब्द आला. वहीत अर्थ लिहिलेला : खिन्न, अस्वस्थ. म्हणजे एका अडलेल्या शब्दाऐवजी आता दोन. मी म्हटलं, "मॅच रंगात आली आणि वाय-फाय गेलं, की बाबांचा चेहरा आठव." तिनं वहीत राउटर काढला, त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवलेले बाबा काढले. तेव्हापासून घरात उद्विग्नता फारच वाढली आहे. दूध उतू गेलं, आई उद्विग्न. लिफ्ट बंद, समोरचे काका उद्विग्न. थोडं चुकतंय, पण चालेल. नवा शब्द पहिले काही दिवस नव्या चपलेसारखा जिथे तिथे घालून मिरवायचाच असतो.

मग वहीच झाली. 'चिकाटी'ला सुईत दोरा ओवणारी आजी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. 'आळस'ला सोफ्यावर आडवी झालेली मी. (त्या दिवशी मला ताप होता, हे नोंदवून ठेवते.)

'हुरहूर'पाशी मात्र गाडी अडली. मी एसटीच्या खिडकीतून हलणारा हात सुचवला. "पण मी एसटीत कुठे बसलेय?" आईनं परीक्षेचा आदला दिवस सुचवला. "त्याला भीती म्हणतात." पान चार दिवस कोरं राहिलं.

रविवारी आजी साताऱ्याला परत गेली. संध्याकाळी भाचीनं वही आणून दाखवली. पानावर चपलांचं कपाट होतं. बाबांचे बूट, आईच्या सँडल, तिचे शाळेचे बूट, आणि खालच्या फळीवर मधेच रिकामी जागा.

"इथलं काढायचं राहिलं का गं?"

"नाही," ती म्हणाली, "तेच तर काढलंय."