नोव्हेंबरातल्या काड्या

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर लागला की बागेत बघण्यासारखं फारसं काही उरत नाही. पानं गळून गेलेली असतात आणि दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं. पण पानगळीच्या झुडपांच्या फांद्या लावायला याहून चांगला काळ नाही, हे मी इथल्या बागवाल्यांकडून शिकले. झाड विसावलेलं असतं, वर्षभराचं अन्न फांदीत साठलेलं असतं आणि अंगावर पानंच नसल्यामुळे कापलेली फांदी लगेच सुकत नाही.

फोर्सिथिया, बडलिया, लाल खोडाचं डॉगवूड, ब्लॅककरंट ही सगळी झुडपं अशीच वाढवतात. यंदाच वाढलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची आणि तिचे 15 ते 30 सेंटिमीटरचे तुकडे करायचे. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, लगेच खाली, सरळ. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका. तिरक्या कापावरून पावसाचं पाणी निथळून जातं, पण मला त्याचा दुसरा उपयोग मोठा वाटतो: वरचं टोक कुठलं ते कळतं. निष्पर्ण काडी दोन्हीकडून सारखीच दिसते आणि उलटी खोचली तर बहुतेक वेळा वाया जाते. मुळं फुटायला लावणारं ऑक्सिन हे संप्रेरक शेंड्याकडून बुडाकडे वाहतं आणि खालच्या कापाशी साठतं. तिथे आधी एक पांढरट, खडबडीत गाठ धरते, मग मुळं बाहेर पडतात. झाडापासून तोडल्यावरही काडीला आपलं बूड कुठलं ते ठाऊक असतं, याचं मला अजून नवल वाटतं.

जमिनीत फावड्याने एक अरुंद चर पाडायचा, तळाला जाडी वाळू घालायची आणि काडी दोन तृतीयांश आत जाईल अशी रोवून माती पायाने दाबायची. मग पुढच्या पानगळीपर्यंत तिला हलवायचं नाही. वसंतात पालवी फुटते ती बरेचदा काडीतल्या साठ्यावरच, खाली मुळं धरलेली असतीलच असं नाही. हायड्रेंजियाचं तंत्र वेगळं. त्याचे कोवळे, कळी न धरलेले शेंडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सकाळी टवटवीत असताना काढतात आणि मोठी पानं निम्मी कापून टाकतात.

आमच्याकडे अ‍ॅलॉटमेंट आहे, म्हणजे भाजी-फुलं लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. शेजारच्या तुकड्यावरचे वयस्कर गृहस्थ छाटणी झाली की काड्यांच्या जुड्या बांधतात, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि प्रत्येकीत नावाची पट्टी खोचतात. नाव पेन्सिलीनेच लिहायचं असा त्यांचा आग्रह, कारण शाई उन्हापावसात उडते. मग जो कोणी फाटकातून आत येईल त्याच्या हातात एक जुडी. झाड जपायचं असेल तर ते देऊन टाकावं, असं इथले जुने बागवाले म्हणतात. आपल्याकडचं झाड कडाक्याच्या थंडीत गेलं, तरी देणाऱ्याला ते पुन्हा मागता येतं.

यात भाबडेपणा मुळीच नाही. फोर्सिथियाचा ‘लिनवूड’ हा वाण घ्या. उत्तर आयर्लंडमधल्या कुकस्टाउन गावी एका बाईंच्या बागेत, 1930 च्या दशकात, एकाच फांदीला निराळी, जास्त भरघोस फुलं आलेली दिसली. बियांपासून तेच फूल पुन्हा मिळण्याची खात्री नसते. ती फांदी लावली, तिच्या फांद्या लावल्या गेल्या, आणि आज जिथे जिथे ‘लिनवूड’ आहे तिथे त्या एका फांदीचाच विस्तार आहे. उलट, मागणी घटली म्हणून रोपवाटिकांनी सोडून दिलेले वाण हळूहळू दिसेनासे होतात. ते वाचवायला 1978 मध्ये इथे एक संस्था उभी राहिली, तिचं आजचं नाव प्लांट हेरिटेज. तिच्या राष्ट्रीय संग्रहांतले काही तर साध्या घरगुती बागांमध्ये सांभाळलेले आहेत. एखाद्या घराच्या परसात देशाचा ठेवा असावा, ही गोष्ट मला फार आवडते.

देण्याघेण्यालाही मर्यादा आहेत. नव्या वाणांवर पैदासकाराचे, म्हणजे तो वाण तयार करणाऱ्याचे, हक्क असतात. स्वतःच्या बागेपुरती फांदी लावायला हरकत नसते, पण परवान्याशिवाय त्याची रोपं विकता येत नाहीत. आणि रोगट झाडाची फांदी कुणालाच देऊ नये. बॉक्स नावाच्या सदाहरित झुडपाच्या कुंपणांना लागणारी बुरशी अशा रोपांबरोबरच एका बागेतून दुसरीत जाते.

म्हणूनच ‘येताना लव्हेंडरची एक काडी आण ना’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी नाही म्हणते. भारतात रोपं किंवा फांद्या न्यायला आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. झायलेला नावाच्या जिवाणूने दक्षिण इटलीतली ऑलिव्हची झाडं किती वाळवली ते युरोपने पाहिलंय, आणि लव्हेंडरही त्याला बळी पडतं. काडीऐवजी मी रीत लिहून पाठवते. पेन्सिलीएवढी जाड फांदी, खाली सरळ काप, वर तिरका: जास्वंद आणि बोगनवेल यांना हेच लागू पडतं, फक्त तिकडे पावसाळ्याच्या तोंडाशी लावायचं. आणि पाच-सहा काड्या जास्तीच्या लावा, शेजारी मागणारच आहेत.