मिसिसिपी ही रदीफ

गझल वाचायची सवय असलेल्या माणसाला अमेरिकन कवयित्री नताशा ट्रेथवे यांची ‘मिसेजिनेशन’ (वंशमिश्रण) ही कविता दोन ओळींतच ओळखीची वाटू लागते. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळी ‘मिसिसिपी’ या शब्दावर थांबतात आणि पुढचा प्रत्येक शेर, वाट कुठूनही काढली तरी, त्याच शब्दाशी येऊन पोहोचतो. इंग्रजीतल्या बहुतेक गझला मला कसरतीसारख्या वाटतात. ही वाटत नाही, कारण ट्रेथवे यांची रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द, त्यांच्या जन्मदाखल्यावरच होती.

आईवडिलांनी १९६५ साली मिसिसिपी राज्याचे दोन कायदे मोडल्याची नोंद मतल्यात आहे. आई ग्वेंडोलिन कृष्णवर्णीय आणि वडील एरिक कॅनडातून आलेले गोरे. अशा जोडप्याला तिथे लग्न करण्याची मुभा नव्हती आणि ओहायोत लग्न करून परत येणे हाही गुन्हाच होता. ज्या सिनसिनाटीत त्यांचे लग्न लागले, त्या नावाच्या आरंभी ट्रेथवे यांना ‘सिन’, म्हणजे पाप, ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे १९६७ मध्ये रद्द केले, तेव्हा २६ एप्रिल १९६६ रोजी गल्फपोर्टमध्ये जन्मलेली त्यांची मुलगी एक वर्षाची झालेली होती.

वडील स्वतः कवी होते आणि लांबच्या प्रवासात कंटाळलेल्या लेकीला ते कविता लिहायला सांगत. पुढे आईवडील विभक्त झाले, माय-लेकी अटलांटाला गेल्या आणि मिसिसिपी उन्हाळ्यात आजीकडे जाण्यापुरती उरली. १९८५ मध्ये आईच्या दुसऱ्या नवऱ्याने, घटस्फोटानंतर, तिची हत्या केली. ट्रेथवे तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वडिलांनी वही हाती दिली असेल, पण लिहिणे अटळ केले ते या मृत्यूने, असे मला त्यांच्या कविता वाचताना सतत जाणवते. २००७ चे पुलित्झर मिळालेल्या ‘नेटिव्ह गार्ड’ या संग्रहात अमेरिकन यादवी युद्धात गल्फपोर्टसमोरच्या शिप आयलंडवर पहारा देणारे, नावाची पाटीही न लाभलेले कृष्णवर्णीय सैनिक आणि कित्येक वर्षे दगडावाचून राहिलेली आईची कबर शेजारी शेजारी येतात.

‘मिसेजिनेशन’ त्याच संग्रहातली. मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, परंपरेप्रमाणे कवयित्रीचे नाव येते. वडील ‘वॉर अँड पीस’ वाचत असताना त्यांनी ठेवलेले हे रशियन नाव. अर्थ नाताळचे मूल, जन्म ईस्टरच्या सुमाराचा, आणि त्यानंतरचा शेवटचा शब्द अर्थातच मिसिसिपी.