सभा अनंत चतुर्दशीला, सकाळी 11 वाजता

माझ्याकडे पुण्यातल्याच एका कंपनीचे 150 शेअर आहेत. नाव सांगत नाही, भांडण नावाशी नव्हतेच. 6 सप्टेंबर 2023 ला, गोकुळाष्टमीच्या संध्याकाळी, वार्षिक सभेची नोटीस मेलवर आली: 28 सप्टेंबर, सकाळी 11, बंडगार्डनकडचे एक हॉटेल. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितले आणि हसूच आले. अनंत चतुर्दशी! तिकडे मंडईतून मानाचे गणपती निघणार आणि इकडे आम्ही ताळेबंद मंजूर करणार. मी राहतो सदाशिव पेठेत. त्या दिवशी आमच्या गल्लीतून रिक्षा सोडाच, सायकल काढणेही मुश्कील.

आप्पांना फोन केला. ते निवृत्त बँकवाले, शेअरबाजारात मुरलेले. "अहो, मुद्दामच ठेवलीय," ते म्हणाले. मला तो निव्वळ निष्काळजीपणा वाटला. आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

सहा जणांच्या सह्यांनी आम्ही कंपनी सेक्रेटरींना पत्र दिले. तारीख बदला, नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय तरी करा. तशी मुभा त्या वर्षी सरकारने 30 सप्टेंबरपर्यंत दिलेलीच होती. उत्तर चार दिवसांत आले, अतिशय नम्र. सभा 30 सप्टेंबरच्या आत आहे, 9 ते 6 या वेळेत आहे, राष्ट्रीय सुट्टी नाही, 21 पूर्ण दिवसांची नोटीस दिली आहे. मी बोटांवर मोजले. 7 ते 27, बरोबर 21. एकही जास्त नाही!

खरी गोम पुढे होती. तारीख किंवा पद्धत बदलायची तर नवी नोटीस, म्हणजे पुन्हा 21 दिवस, म्हणजे थेट ऑक्टोबर, आणि कायद्याची मुदत तर सप्टेंबरअखेर संपते. कंपन्यांच्या सरकारी रजिस्ट्रारकडून तीन महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळते, पण त्याला खास कारण लागते. मिरवणुकीचे कारण कोण लिहून देणार? शेअरबाजाराची नियामक सेबी, तिच्या स्कोर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाकू, असे एकाने सुचवले. टाकून लिहायचे काय? नियम तर एकही मोडलेला नव्हता.

मत मी 26 तारखेलाच ऑनलाइन देऊन टाकले. ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ला बंद होते. एमडींच्या पगारवाढीच्या विशेष ठरावाला विरोध केला. माझ्या 150 मतांनी काय होणार, ते ठाऊक होते.

28 ला साडेनऊलाच आप्पा आणि मी लकडी पूल ओलांडून चालत गरवारे कॉलेज स्टेशन गाठले आणि मेट्रोने रुबी हॉलला उतरलो. सभागृहात निम्म्याहून जास्त लोकांच्या गळ्यात कंपनीची ओळखपत्रे. सभासद 5,000 च्या वर असले की 30 जण प्रत्यक्ष हजर लागतात, ती भरती शेअर असलेल्या कर्मचाऱ्यांनी केली होती. हा कोरम, म्हणजे किमान हजेरी, भरला नाही तर सभा आठवडाभर पुढे जाते, म्हणून आप्पा दाराकडे आशेने बघत बसले होते. 11 वाजता 34 डोकी भरली. आप्पांनी घड्याळ बघितले आणि चहाचा कप उचलला.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभा राहिलो. "लेखापरीक्षित निकाल मे महिन्यातच जाहीर झालेत. मग सभेला चार महिने का? सर्वांत मोठ्या 100 लिस्टेड कंपन्यांना ऑगस्टअखेर सभा घ्यावीच लागते, त्यांना जमते. शिवाय लाभांश सभेत मंजूर झाल्यावरच मिळतो, म्हणजे आमचे पैसेही तेवढे दिवस तुमच्याकडेच."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "सूचना नोंदवली आहे." शेजारच्या कर्मचाऱ्याने टाळी वाजवली, बहुधा सवयीने. निकाल दोन दिवसांनी एक्स्चेंजवर आला, सगळे ठराव प्रचंड बहुमताने मंजूर. प्रवर्तकांकडेच 60 टक्क्यांहून जास्त शेअर, दुसरे काय होणार?

पुढच्या वर्षीची नोटीस आली. 27 सप्टेंबर 2024, व्हिडिओ कॉन्फरन्सने. विसर्जन तर 17 तारखेलाच होऊन गेलेले असणार होते. आप्पांना नोटीस पाठवली, तर त्यांचा लगेच फोन.

"हे आपले यश म्हणायचे, की पंचांगाचे?"